हच्या मागचं अक्षर

डोमाजींकडे कुणी जुना कागद घेऊन आलं की ते सगळ्यात आधी तो उलटा धरायचे. पालथा नव्हे, डोकं खाली आणि पाय वर. मग चष्मा कपाळावर चढवून पाच-सात मिनिटं त्या उलट्या ओळींकडे नुसते बघत राहायचे. कागद आणणारा माणूस साहजिकच चुळबुळ करायचा. "बाबूजी, ते आमच्या आज्याच्या गावाचं नाव हाय, ते असं…" एवढं त्याच्या तोंडून निघतं न निघतं तोच डोमाजींचा पंजा वर व्हायचा. "नाव सांगू नोका जी. तुम्ही सांगतलं का मले तेच दिसते. मंग माहा काय उपेग?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला मोडी तर सोडाच, साधी अक्षरओळखही नसावी. मी बावीस वर्षांची होते. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते, आणि आपल्याला काय काय कळतं याची माझी यादी बरीच लांब होती. आमच्या विभागात गावोगावची जुनी दप्तरं लाल कापडात बांधून घडवंच्यांवर रचलेली होती. डोमाजी तिथले दफ्तरी. गठ्ठे काढायचे, झटकायचे, पुन्हा बांधून जागी ठेवायचे, एवढंच त्यांचं कागदोपत्री काम. शिक्षण चौथी. राहायला बेसा गावात. तेव्हा ते शेतांमधलं गाव होतं, आता तिथे फ्लॅट आहेत. तिथून सायकलने यायचे, आणि आल्या आल्या पँटच्या पायाची क्लिप काढून खिशात ठेवायचे.

पण तीस वर्षं गठ्ठे सोडता-बांधता त्यांनी मोडी अशी शिकून घेतली होती, की मोठे बाबू अडले की चहाच्या निमित्ताने त्यांच्याकडे जात, वाचून घेत आणि खाली सही आपली ठोकत. मला त्याचा राग यायचा, डोमाजींना नाही. "सही कोनाची का असंना. नाव बरोबर गेलं ना," म्हणायचे आणि सुतळीला गाठ मारायचे.

येणारे लोक बहुतेक वंशावळीसाठी येत. कुणाला आजोबांचं मूळ गाव हवं असे, कुणाला पणजीचं. आणि त्या कागदांत गावाचं नाव हीच सगळ्यात अवघड जागा. माणसांची नावं ठरलेली असतात. दोन अक्षरं लागली की बाकीची आपोआप लागतात. गावाचं तसं नाही. हात न उचलता ओढलेल्या एका रेघेत अख्खं गाव गुंडाळलेलं, त्यावर कसरीने भोक पाडलेलं, नाहीतर तेल सांडलेलं. बाकीचे बाबू सरळ सांगून टाकत, "लागत नाही." डोमाजी म्हणत, "अजून लागलं नाही." त्यांचं ते 'अजून' कधीकधी दीड महिना चाले.

त्यांची रीत अशी, की नाव वाचायच्या आधी लिहिणाऱ्याला गाठायचं. "आंधी लिहिनारा वयखाचा. काय लिहिलं ते मंग." एका लिहिणाऱ्याचे जेवढे कागद सापडतील तेवढे काढायचे आणि त्याची अक्षरं एका वहीत उतरवून घ्यायची. याचा 'क' असा, याचा 'र' असा, हा घाईत असला की 'न' चं पोट उघडं सोडते. अशा वह्यांची त्यांची एक पेटीच होती. कागद उलटा का धरता, असं मी एकदा विचारलं. "सिधा धरला का डोकं वाचाले पयते," ते म्हणाले. "उलटा धरला का लिहिनाऱ्याचा हात दिसते."

आमचं पहिलं भांडण झालं ते शुद्धलेखनावरून. त्यांनी मला नाव सांगितलं, "मौजा पिपयझरी." मी टाइप केलं, पिंपळझरी. डोमाजींनी टाइप केलेला कागदही उलटा धरला आणि क्षणात म्हणाले, "बाई, हे काय ठोकलं?"

"शुद्ध करून लिहिलं. पिपय असा शब्द मराठीत नाही."

"कागदात हाय."

"लिहिणारा अडाणी असेल."

"असन. पन गाव त्याचं होतं. सुधरवाचं काम आपलं नाही. जसं हाय तसं ठोका."

चार कार्बन लावून मी तो कागद पुन्हा टाइप केला आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझं डोकं फिरलं त्याला कारण होतं. आमच्याकडे, वऱ्हाड-नागपूरकडे, बोलताना ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, गुळाचा गूय. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "माह्या डोयात कचरा गेला" म्हणाले आणि बाईंनी मला बाकावर उभं करून पन्नास पोरींसमोर दहा वेळा 'डोळा' म्हणायला लावलं. त्या दिवसापासून मी जिभेला असं वळण लावलं, की पुढे शुद्धलेखनाचं बक्षीस दर वर्षी माझंच. असल्या मुलीला दफ्तऱ्याने सांगावं, पिपय ठोका. डोमाजींना स्वतःला ळ म्हणताच येत नसे. मुळाक्षरांत तो ह च्या नंतर येतो, म्हणून ते त्याला 'हच्या मांगचा' म्हणत. "बोलता नाही येत मले," हसून सांगायचे, "पन पाहून बरोबर वयखतो."

आता आईचं सांगते, कारण डोमाजी मला खरे कळले ते तिच्यामुळे. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि आई, सखूबाई. आई पाच वर्षांची असताना मानमोडीची साथ आली, पहिल्या महायुद्धाच्या वेळची. तीत तिचे आई-बाप आणि दोन भाऊ आठवड्याभरात गेले. तिच्या मामाने तिला बैलगाडीत घालून नागपुरात आणलं, वाढवलं, लग्न करून दिलं. त्यानंतर गावाकडे कुणी गेलं नाही. दिवाळीला आळीतल्या बायका माहेरी निघाल्या की आई त्यांना फाटकापर्यंत पोचवून यायची आणि त्या दिवशी जरा जास्तच भांडी घासायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मी मायखेडीची." मी बाजूला असले तर मी लगेच सुधारायचे, माळखेडी.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी तिचा डावा डोळा काचबिंदूने गेला. उजव्यात नळीतून पाहावं एवढंच दिसत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्षभर, फार तर.  घरी येऊन चपला काढताना आई म्हणाली, "दिवा जाच्या आंधी मले माहं माहेर पाहाचं हाय, सुमे. एक डाव. मंग जाऊ दे."

आईच्या त्या मामाची एक वही होती; मीही त्याला मामाच म्हणत असे. मामाच्या हातची, मोडीत लिहिलेली. घरातले जन्म-मृत्यू, आईच्या लग्नाची यादी आणि सुरुवातीच्या पानावर एक ओळ: सखू, वय वर्षे पाच, अमुक गावाहून आणली. त्या 'अमुक' वर तेलाचा डाग. महाल भागातल्या एका शास्त्रीबुवांकडे मी ती घेऊन गेले. जाताच म्हटलं, बघा, इथे माळखेडी आहे ना? बुवांनी पाहिलं, म्हणाले, हो, माळखेडीच. मग काय, निघालो. एक माळखेडी काटोलकडे होती, एक सावनेरकडे. दोन्हीकडे मी आईला रविवारी बसने घेऊन गेले. ती मान वळवून वळवून त्या नळीतून सगळं बघायची. वळण, पार, विहीर. दुसऱ्या माळखेडीत लोकांनी चहा पाजला, बसायला सतरंजी टाकली. परतताना आई म्हणाली, "गाव चांगलं हाय. पन माहं नाही." मग खिडकीकडे तोंड केलं, आणि मला माहीत होतं की खिडकीतलं तिला काही दिसत नाही.

तरी मी वही डोमाजींकडे नेली नाही. टायपिस्ट बाईने घरचा कागद दफ्तऱ्यापुढे ठेवायचा, हे मला कमीपणाचं वाटत होतं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते. दिवाळी मागे पडली, आणि एका सकाळी आईने चुलीवरचं दूध समोर असून मला विचारलं, दूध कुठं ठेवलं. त्याच दिवशी मी वही पिशवीत घातली.

डोमाजींनी ती उघडून उलटी धरली. आणि मी, वर्षभर रोज त्यांचा पंजा पाहिलेली मी, बोलून गेले, "माळखेडी आहे ते."

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. आठ दिवसांनी आना. तवरीक विसरतो मी."

"अहो, आईचा डोळा…"

"म्हनूनच म्हनून राहिलो ना." ते बाकड्यावर बसले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी पारशिवनीकडचा एक म्हातारा आला होता. म्हणाला, आमचं उमरी असन. डोमाजींना उमरीच दिसली, तीच लिहून दिली. म्हातारा सकाळच्या बसने गेला. "वापस आला तं काही बोलला नाही. इथंच बाकड्यावर बसला, पानी पेला आन गेला. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं, बाई. तवापासून मी कोनाचं ऐकत नाही."

आठ दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. नवव्या दिवशी वही दिली आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिले. मग सुरू झालं त्यांचं 'अजून'. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते मामाची वही घेऊन खिडकीशी बसायचे. मामाचा हात त्यांनी पानापानांतून उतरवून घेतला. पहिल्या आठवड्यात म्हणाले, पहिलं अक्षर लागलं. पुढच्यात, शेवटची दोन लागली. मधलं, डागाखालचं, अजून नाही. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि ते रोज मान हलवायचे. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली.

"बाई, तुमचा मामा शिकलेला होता."

"हो. सातवी पास."

"ही लग्नाची यादी पाहा. तांदूय, डाय, गूय, नारय. बोलत असन तो आपल्यासारखाच. पन लिहिताना सत्तावीस जागी हच्या मांगचा बरोबर लिहिला, एक जागा नाही चुकला. हे त्याचं वळन पाहा, कसं खाली उतरते." मग त्यांनी डागावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. "हे नाही उतरत. डागातूनबी दिसते, रेघ वरच वयते. ज्याले सत्तावीस जागी येते, तो इथंच काहून चुकन? हा हच्या मांगचा नाही. हा य हाय. खराखुरा य."

 मी म्हटलं, "पण आई तर सगळेच ळ…"

"आईले आना," डोमाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आईला सायकलरिक्षाने कचेरीत आणलं. डोमाजींनी तिला आपल्या स्टुलावर बसवलं, तांब्यातून पाणी दिलं.

"बाई, डोया म्हना."

"डोया."

"गूय."

"गूय. हा काय पोरखेय लावला जी?"

"आता गावाचं नाव सांगा."

"मायखेडी."

मी कान देऊन ऐकत होते. मला तिन्ही य सारखेच ऐकू आले. डोमाजींनाही आले असावेत, कारण ते म्हणाले, "कानानं नाही समजत. मले सांगा, गावाले हे नाव काहून पडलं?"

आई सरळ बसली. "मातामाय देवीच्या नावानं. गावाच्या आंधी ती होती तिथं, चिचेखाली. मांगून खेडी बसली. मायची खेडी." मग माझ्या आवाजाच्या दिशेला वळून म्हणाली, "तुले मी किती खेप सांगतलं, सुमे."

"नाव सांगितलंस. हे कधी सांगितलं नाहीस."

"तू पुढं बोलू कुठं देते? नाव काढलं का तू सुधरवते."

कचेरीत पंखा चालू होता, बाबू लोक फायली चाळत होते. मी टाइपरायटरवर जाऊन बसले आणि मशीनवरचं झाकण काढायचंसुद्धा मला सुचलं नाही. जन्मभर बाई खरं नाव सांगत होती आणि मी तिच्या तोंडातली माय काढून तिथे माळ घालत होते. दोन खोटी गावं मी तिला दाखवली होती, आणि तिच्या डोळ्यातले दोन हंगाम त्यात घालवले होते.

गाव मात्र चालू याद्यांत कुठे सापडेना. डोमाजींनी चार दिवस जुन्या याद्या उपसल्या आणि उमरेडच्या पलीकडच्या एका यादीत ते निघालं: मायखेडी, आणि पुढे कंसात, रिठी. रिठी म्हणजे उठलेलं गाव. नाव आहे, शीव आहे, माणूस नाही. मला रडू फुटलं. म्हटलं, आता आईला काय सांगू? सांगतच नाही. जवळचं एखादं गाव दाखवते, तिला कुठे एवढं दिसतं.

डोमाजी माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. आवाज नाही चढवला. "इतके दिवस मी डाग कायले पुसून राहिलो मंग? जसं हाय तसं सांगा."

मी सांगितलं. आई शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले नाहीत. "मले माहीत हाय. गाव उठलं तवा मी गाडीत बसली होती ना. मानसं गेली. जागा कुठं जाते?"

डोमाजींनी रजा टाकली. आम्ही तिघं उमरेडपर्यंत बसने, पुढे बैलगाडीने आणि शेवटचा तुकडा पायी गेलो. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन होतं, दोन्हीकडे तूर उभी होती. एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आई थांबली. "नाला उजव्या हाताले असन." होता. आणखी थोडं गेल्यावर म्हणाली, "आता चिच." चिंच नव्हती, बुंधा होता, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या पायथ्याशी शेंदूर माखलेले पाच दगड. शेंदूर ताजा होता. माणसं उठली तरी आसपासच्या गावांतून कुणीतरी येत होतं.

आईने पदर डोक्यावर घेतला, खाली बसली, आणि उजवा डोळा दगडांच्या अगदी जवळ नेऊन एकेक पाहिला. मग खण-नारळ ठेवला. हात जोडून म्हणाली, "माहेरी आली वं मी." ते मला उद्देशून नव्हतं. डोमाजी चपला काढून लांब उन्हात उभे होते. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात पुढे केला, मामाची वही मागून घेतली, आणि त्या पहिल्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं: मायखेडी. वाचलं. पाहिलं. खाली सही केली, डोमाजी दफ्तरी. त्यांची सही मी त्या कचेरीच्या कुठल्याही कागदावर कधी पाहिली नव्हती.

चैत्रात आईचा उजवा डोळा गेला. पुढे अठ्ठावीस वर्षं ती अंधारात जगली आणि जो भेटेल त्याला चिंचेच्या बुंध्याचा घेर हातांनी दाखवत राहिली. डोमाजी निवृत्त झाले, आपल्या गावात तूर-कापूस बघू लागले. एकदा मी भेटायला गेले तर नातवाची शाळेची वही उलटी धरून बसले होते. ते गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. त्यांच्या बायकोने ती वह्यांची पेटी माझ्या हवाली केली. प्रत्येक वहीवर लिहिणाऱ्याचं नाव होतं: अमक्या गावचा पटवारी, तमक्याचा कारकून. तळाशी एक पातळ वही होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'सुमनबाईचा मामा'.

पुढच्या वर्षी आई गेली. मृत्यूची नोंद करायला मी वॉर्डाच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या तरुण बाबूने जन्मगाव विचारलं. मी सांगितलं, मायखेडी. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि साध्या लुगड्याकडे पाहिलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, माळखेडी.

"ळ नाही," मी म्हटलं. "य."

"बाई, बोलताना तुम्ही य म्हणता. लिहिताना शुद्ध लिहावं लागतं."

मागे रांग होती. तीस वर्षं मी कचेरीत एक शब्द अशुद्ध बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्या तोंडून सरळ निघालं, "तुमी सुधरवू नोका जी. जसं हाय तसं लिहा."

त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, खोडलं आणि य लिहिला. मी तो कागद घेतला, उलटा धरून एकदा नीट पाहिला आणि मग सही केली.